झोपू दे म्हणू नका, हाक मारून पाहा

(सामुदायिक रेडिओवर दिलेले भाषण)

मैत्रिणींनो, कोणी स्वयंपाकाला लागल्या असाल, कोणी डबा बांधून वावराकडे निघायच्या तयारीत असाल. आज रेडिओ जरा जवळ घ्या आणि घरातल्या मोठ्या पोट्ट्यांनाही बोलवा. विषय जड आहे, पण शेवटपर्यंत ऐकण्यासारखा आहे.

मागे आम्ही दारूवर बोललो होतो. त्यानंतर आपल्याच जिल्ह्यातल्या एका बाईचा फोन आला. नाव-गाव सांगू नका म्हणाली, म्हणून सांगत नाही. तिचा दीर मालवाहू गाडीवर ड्रायव्हर होता, तिशीच्या आतला. पोती उचलताना त्याची कंबर धरली. डॉक्टरांनी पाच दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या. दुखणं गेलं, पण गोळ्या सुटल्या नाहीत. आधी तीच जुनी चिठ्ठी दाखवून आणायचा, पुढे चिठ्ठीचीही गरज उरली नाही. दोनाच्या चार झाल्या, चाराच्या दहा. एका रात्री लग्नातून दारू पिऊन आला, वरून रोजच्या गोळ्या घेतल्या आणि पडला. मोठमोठ्याने घोरायला लागला. सासू म्हणाली, "थकला आहे, झोपू दे त्याला." पहाटे घोरणं थांबलं. घरच्यांना वाटलं, आता शांत झोप लागली.

पुढचं तिला सांगवलं नाही. थोडा वेळ थांबून तिने आम्हाला दोन प्रश्न विचारले. पहिला रागाने विचारला, "ताई, याला जबाबदार कोण?" दुसरा अगदी हळू आवाजात, "मी रात्री उठून त्याला पाहिलं असतं, तर तो वाचला असता का?"

आजचं बोलणं या दोन प्रश्नांवरच आहे. उत्तरं शोधायला आम्ही डॉक्टरांशी बोललो, कायदा समजून घेतला, आपापसातही खूप बोललो.

अफूचं कूळ

आधी या गोळ्या कोणत्या, ते पाहू. अफू आपल्याला नवी नाही. घरातल्या म्हाताऱ्या बायांना विचारा. पूर्वी कामावर जाणारी माय तान्ह्या लेकराला अफूची बारीक गोळी चाटवायची. मुंबईच्या गिरण्यांत कामाला जाणाऱ्या बायाही तेच करत. लेकरू रडत नसे, झोपून राही. काही लेकरं मग उठतच नसत. त्या माया वाईट नव्हत्या. पाळणाघर नव्हतं, रजा नव्हती आणि पोट होतं.

खसखशीच्या बोंडाला चीर दिली की जो चीक निघतो, ती अफू. अफूपासून मॉर्फिन निघतं आणि मॉर्फिनपासून हेरॉइन. हेरॉइनचा भेसळीचा, तपकिरी प्रकार म्हणजे गर्द. खोकल्याच्या काही औषधांत असतं ते कोडीन याच कुळातलं. ट्रामाडॉल, टॅपेंटाडॉल, फेंटॅनिल ही औषधं कारखान्यात तयार होतात, पण शरीरात काम करतात अफूसारखंच.

या औषधांना सरसकट विष म्हणणं चूक आहे. मोठं ऑपरेशन, भाजल्याच्या जखमा, कॅन्सरचं दुखणं, अशा वेळी यांच्याइतका आराम देणारं दुसरं औषध सहज सापडत नाही. कॅन्सरच्या रुग्णाला डॉक्टरांनी मॉर्फिन दिलं असेल, तर "व्यसन लागेल" म्हणून ते लपवून ठेवू नका आणि त्याला तळमळत ठेवू नका. ठरल्या मात्रेत, ठरल्या वेळी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिलं तर ते त्याच्या हक्काचं औषध आहे.

मग धोका कुठे आहे? आपण झोपेत असतानाही श्वास चालू राहतो, कारण मेंदूचा एक भाग त्याची राखण करत असतो. अफूच्या कुळातलं औषध जास्त झालं की या राखणदारालाच गुंगी येते. श्वास मंद होतो, उथळ होतो आणि शेवटी थांबतो. दारूही तेच करते, झोपेच्या गोळ्याही तेच करतात. दोन-तीन गोष्टी एकत्र आल्या की काल पचलेली मात्रा आज जीव घेते. त्या दिराचं हेच झालं.

दुसरं म्हणजे, शरीराला या औषधाची सवय होते. आज दोन गोळ्यांनी बरं वाटतं, महिन्याने चार लागतात. बंद केलं की अंग मोडून येतं, नाक-डोळे वाहतात, जुलाब होतात, झोप उडते. मग माणूस मजेसाठी घेत नाही, हा त्रास टाळण्यासाठी घेतो. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, याला लाज नाही. आतून तो माणूस आजारी असतो.

पहिला प्रश्न : जबाबदार कोण?

या प्रश्नावर सगळ्यात मोठी भांडणं अमेरिकेत झाली. तिथे पर्ड्यू फार्मा नावाच्या कंपनीने १९९६ साली ऑक्सिकॉन्टिन नावाची गोळी बाजारात आणली. हीसुद्धा अफूच्याच कुळातली. या गोळीची सवय लागण्याचा धोका कमी आहे असं डॉक्टरांना पटवून ती धडाक्याने विकली गेली. अंगदुखी, कंबरदुखी, कशालाही लिहून दिली गेली. हजारो लोकांना सवय लागली. पुढे गोळ्या मिळणं अवघड झालं तेव्हा अनेकजण हेरॉइनकडे वळले आणि नंतर बाजारात फेंटॅनिल आलं. २०२१ ते २०२३ या काळात अमेरिकेत दर वर्षी लाखावर माणसं अंमली पदार्थांच्या जादा मात्रेने गेली. त्यातली बहुतेक अफूच्या कुळातल्या पदार्थांनी. त्या कंपनीने २००७ साली आणि पुन्हा २०२० साली न्यायालयात गुन्हा कबूल केला. मोठे दंड झाले. गेलेली माणसं मात्र परत आली नाहीत.

कोणी म्हणेल, अमेरिकेचं आम्हाला काय सांगता? तर आपल्या महाराष्ट्राचं ऐका. फेब्रुवारी २०२५ मध्ये बीबीसीने एक शोध प्रसिद्ध केला. मुंबईची एव्हिओ फार्मास्युटिकल्स ही कंपनी टॅपेंटाडॉल आणि कॅरिसोप्रोडॉल अशी दोन औषधं एकत्र करून गोळ्या बनवत होती आणि त्या घाना, नायजेरिया, आयव्हरी कोस्ट अशा पश्चिम आफ्रिकेतल्या देशांत जात होत्या. या जोडगोळीला आपल्या देशात मान्यताच नव्हती. तिथली तरुण पोरं रस्त्यावर या गोळ्या घेत होती. बातमी आल्यावर केंद्र आणि राज्याच्या औषध विभागाने छापा घातला, सुमारे १.३ कोटी गोळ्या-कॅप्सूल ताब्यात घेतल्या, उत्पादन थांबवलं. देशभर या मिश्रणाच्या निर्मितीवर आणि निर्यातीवर बंदी आली. म्हणजे अमेरिकेतल्या माया ज्या कंपनीकडे बोट दाखवतात, तसं बोट घानामधली एखादी माय आपल्या मुंबईकडे दाखवू शकते. हे आपण मान्य केलं पाहिजे.

तेव्हा जबाबदारीचा पहिला वाटा बनवणाऱ्याचा. त्याला माहीत असतं की आपण काय बनवतो आणि ते कुठे जातं.

दुसरा वाटा लिहून देणाऱ्याचा. दुखण्यावर औषध देणं हे डॉक्टरांचं कामच आहे. पण गोळी किती दिवस घ्यायची, कधी थांबवायची, दारूबरोबर का नाही घ्यायची, हे सांगणंही कामच आहे. इथे आपलाही थोडा दोष आहे. दवाखान्यात गेलं की आपण म्हणतो, "डॉक्टरसाहेब, जरा भारीची गोळी द्या, सुई द्या, उद्या कापूस वेचायला जायचं आहे." विश्रांती घ्या म्हणणारा डॉक्टर आपल्याला कच्चा वाटतो.

तिसरा वाटा विकणाऱ्याचा. औषधांच्या नियमांत शेड्यूल एच-१ नावाची यादी आहे. ती २०१४ पासून लागू आहे. ट्रामाडॉल, कोडीन, झोपेच्या काही गोळ्या त्या यादीत आहेत. ही औषधं चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत. दिली तर मेडिकलवाल्याने वेगळ्या वहीत डॉक्टरांचं नाव, रुग्णाचं नाव, औषध आणि संख्या लिहायची आणि ती वही तीन वर्षं जपायची. ट्रामाडॉल तर एप्रिल २०१८ पासून अंमली पदार्थांच्या कायद्याखालीही आलं. बरेच दुकानदार नियम पाळतात. पण एकानेही पाळला नाही, तर सगळ्या गावाची पोरं त्याच दुकानाची वाट धरतात.

चौथा वाटा सरकारचा. दिल्लीच्या एम्सने केंद्र सरकारसाठी देशभर पाहणी केली, तिचा अहवाल २०१९ मध्ये आला. त्यात देशात अफूच्या कुळातले पदार्थ घेणारे सुमारे २.२६ कोटी लोक निघाले. त्यातल्या सुमारे ७७ लाखांना मदतीची गरज आहे असं त्यात म्हटलं आहे. या ७७ लाखांतले निम्म्याहून जास्त लोक ज्या मोजक्या राज्यांत आहेत, त्यात महाराष्ट्राचं नाव आहे. आणि अंमली पदार्थांच्या आहारी गेलेल्या वीस माणसांपैकी जेमतेम एकालाच कधी दवाखान्यात दाखल होऊन उपचार मिळाले होते. पकडायला यंत्रणा आहे, बरं करायला मात्र अपुरी आहे.

याबाबतीत आपल्या वर्ध्याइतका अनुभव कोणाला असेल? सत्तरच्या दशकापासून आपला जिल्हा दारूबंदीचा. शेजारी गडचिरोलीत १९९३ साली बंदी आली. चंद्रपुरात २०१५ साली आली आणि २०२१ साली उठली. बंदीसाठी आपल्या बाया रस्त्यावर उतरल्या, मोहाचा सडवा ओतून दिला, मार खाल्ला. तो लढा वाया गेला असं आम्ही म्हणणार नाही. पण बंदीने दुकान बंद होतं, शरीराला लागलेली सवय बंद होत नाही, हे आपण घरात पाहिलं आहे. सवय लागलेल्याला उपचार मिळाले नाहीत, तर तो चोरवाट शोधतो. चोरवाटेवरच्या मालात काय आणि किती आहे, ते कोणालाच कळत नाही.

पाचवा वाटा घराचा आणि गावाचा. "लोक काय म्हणतील" म्हणून आपण झाकून ठेवतो. मुलीचं लग्न व्हायचं आहे, भावकीत तोंड दाखवायचं आहे. झाकलेलं दुखणं वाढतं, आणि ज्या रात्री मदत बोलवायची असते त्या रात्री आपण दार लावून घेतो.

आणि घेणारा? त्याचाही वाटा आहे. पण तो पहिल्या काही गोळ्यांपुरता मोठा आहे. सवय लागल्यावर त्याच्या हातात जेवढं उरतं, त्याहून जास्त आपण त्याच्याकडे मागतो. त्याच्यावर राग यावा, तो साहजिक आहे. पण जबाबदारीचे वाटे करताना सगळा बोजा त्याच्या एकट्याच्या पाठीवर टाकला की बाकीचे सगळे मोकळे सुटतात.

दुसरा प्रश्न : वाचला असता का?

आता तो हळू आवाजातला प्रश्न. खरं उत्तर असं आहे की बरेचदा वाचवता येतं. गळफास किंवा अपघातात वेळ मिळत नाही. या गोळ्यांनी जाणारा माणूस मात्र बहुतेक वेळा एकदम जात नाही. श्वास हळूहळू मंद होत जातो. त्याला कधी काही मिनिटं लागतात, कधी तास-दोन तास. घरात माणसं असतात. फक्त ती झोप नाही हे कळायला हवं.

ही लक्षणं पाठ करा. माणूस हाका मारून, हलवून उठत नाही. श्वास फार सावकाश चालतो, मध्येच थांबतो, किंवा घशातून घरघर, घुरघुर आवाज येतो. हे नेहमीचं घोरणं नाही, गळा दाबल्यासारखा आवाज असतो. ओठ आणि नखं निळी-काळपट पडतात. अंग गार, चिकट लागतं. पापणी उचलून पाहिलं तर डोळ्यातली काळी बाहुली टाचणीच्या टोकाएवढी बारीक दिसते. यातली सगळीच लक्षणं दिसायला हवीत असं नाही. उठत नाही आणि श्वास नीट नाही, एवढं पुरे आहे.

मग काय करायचं?

पहिलं, जोरात नाव घेऊन हाक मारा. छातीच्या मधल्या हाडावर मुठीच्या पेरांनी जोरात चोळा. जिवंत झोपेतला माणूस त्याने कळवळून जागा होतो.

दुसरं, उठला नाही तर लगेच १०८ ला फोन करा. ही गाडी फुकट आहे. फोन लागला नाही तर ११२. "माणूस बेशुद्ध आहे, श्वास नीट चालत नाही" एवढं सांगा, गाव आणि खूण सांगा. गाडीला वेळ लागणार असेल तर गावातलं वाहन काढा, पण वाटेतही पुढचं चालू ठेवा.

तिसरं, श्वास चालत नसेल किंवा फारच सावकाश असेल, तर उताणं झोपवून मान मागे आणि हनुवटी वर करा. तोंडात पान, खर्रा, ओकारी असेल तर पुसून काढा. नाक चिमटीत धरा, तोंडावर तोंड ठेवून श्वास फुंका, छाती वर येते का पाहा. दर पाच सेकंदांनी एक श्वास. मध्ये पातळ फडकं ठेवलं तरी चालेल. लाज वाटेल, किळस वाटेल. पण आपलाच माणूस आहे. श्वास अजिबात नसेल, अंगात काहीच हालचाल नसेल, तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात आणि भराभर दाबत राहा. १०८ वरचे लोक फोनवर सांगतात, तसं करा.

चौथं, श्वास चालू असेल पण शुद्ध नसेल, तर कुशीवर वळवा. वरचा पाय गुडघ्यात वाकवून पुढे ठेवा, म्हणजे तो पालथा होणार नाही. ओकारी झाली तर ती बाहेर पडेल, घशात अडकणार नाही. गाडी येईपर्यंत बाजूला बसून राहा आणि श्वास मोजत राहा.

काय करू नये, तेही ऐका. बेशुद्ध माणसाच्या तोंडात लिंबूपाणी, ताक, मिठाचं पाणी, चहा, काहीही घालू नका. ते श्वासाच्या नळीत जाईल. अंगावर बादलीभर पाणी ओतू नका, थोबाडीत मारू नका, कांदा हुंगवत वेळ घालवू नका. आणि एकट्याला झोपवून निघून जाऊ नका.

दवाखान्यात यावर उतारा आहे. नॅलोक्सोन त्याचं नाव. सुई दिली की काही मिनिटांत श्वास परत येतो. अफूच्या कुळातलं औषध मेंदूत जिथे चिकटून बसतं, तिथून नॅलोक्सोन त्याला बाजूला ढकलतं. दारूवर किंवा झोपेच्या गोळ्यांवर ते चालत नाही, पण चुकून दिलं तरी त्याने मोठं नुकसान होत नाही. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. त्याचा असर अर्ध्या तासापासून दीड तासापर्यंतच राहतो. गोळ्यांचा असर त्याहून लांबतो. म्हणून "शुद्धीवर आला, चला घरी" असं करू नका. डॉक्टर सोडतील तेव्हाच निघा.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ सालीच सांगितलं आहे की हे औषध आणि ते द्यायचं शिक्षण नशा करणाऱ्यांच्या घरच्यांना आणि सोबत्यांनाही मिळायला हवं. अमेरिकेत २०२३ पासून त्याचा नाकात मारायचा फवारा दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतो. आपल्याकडे नॅलोक्सोन अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे. तेव्हा आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ते आहे का, रात्री ते देणारं कोणी असतं का, हे आपण विचारू शकतो. साप चावल्यावरची लस आहे का हे जसं आपण विचारतो, तसंच.

जास्त सावध कधी राहायचं

काही वेळा धोका नेहमीपेक्षा जास्त असतो. सगळ्यात जास्त धोका असतो तो माणूस काही दिवस बंद ठेवून परत घेतो तेव्हा. व्यसनमुक्ती केंद्रातून आला, तुरुंगातून सुटला, महिनाभर दवाखान्यात होता, आणि परत आल्यावर पहिल्यासारख्याच दहा गोळ्या घेतल्या. शरीराची सवय मोडलेली असते. त्याला आता चारही जड जातात. म्हणून घरी परतलेल्या माणसाचे पहिले काही आठवडे डोळ्यात तेल घालून पाहायचे.

दारू किंवा झोपेच्या गोळ्या सोबत घेतल्या तर धोका. दमा, किडनी, लिव्हरचा आजार असेल तर धोका. एकट्याने, कडी लावून घेतलं तर धोका, कारण पाहायला कोणी नसतं.

आणि लेकरं. आजीच्या उशाशी ठेवलेली एक गोळीही लहान लेकराला पुरते. जुलाब थांबवायच्या काही गोळ्यांतही या कुळातलं औषध असतं, म्हणून मोठ्यांची जुलाबाची गोळी अर्धी करून लेकराला देऊ नका. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध बारा वर्षांखालच्या मुलांना द्यायचं नसतं. अंगावर पाजणाऱ्या बायांनी दुखण्याची गोळी घेताना "लेकरू दूध पितं" हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. घरात अशी औषधं असतील तर ती कपाटात कुलपात ठेवा. माणूस गेल्यावर उरलेली त्याची औषधं "राहू दे, कामी येतील" म्हणून ठेवू नका, दवाखान्यात नेऊन द्या.

पोलिसांची भीती

बऱ्याच घरांत १०८ ला फोन होत नाही, कारण भीती वाटते की पोलीस केस होईल. ही भीती खोटी नाही. पण एक गोष्ट माहीत करून घ्या. अंमली पदार्थांचा १९८५ चा जो कायदा आहे, त्यातच कलम ६४-अ आहे. सेवनाचा किंवा थोड्या मालाचा आरोप असलेला व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचाराला तयार झाला, तर त्या गुन्ह्यासाठी त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण जाऊ शकतं. म्हणजे कायद्यानेही उपचाराचं दार ठेवलेलं आहे. आणि जीव वाचला तरच पुढचं सगळं. केस लढता येते, मेलेला माणूस उठवता येत नाही.

उपचार असतात आणि ते लागू पडतात. डॉक्टर या कुळातलंच औषध, ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन, मोजून-मापून, देखरेखीखाली देतात. त्याने तळमळ थांबते, माणूस कामाला लागतो आणि मरणाचा धोका बराच कमी होतो. "एक नशा सोडवून दुसरी लावली" असं कोणी म्हणेल. साखरेच्या रुग्णाला आपण रोज इन्सुलिन देतो, तेव्हा असं म्हणत नाही. वर्ध्याचं जिल्हा सामान्य रुग्णालय, सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय, सावंगीचं आचार्य विनोबा भावे रुग्णालय, या ठिकाणी मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे जाता येतं. जायच्या आधी नुसतं बोलायचं असेल तर व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा फुकट फोन आहे, आणि मनाच्या त्रासासाठी टेलिमानसचा १४४१६.

आपल्या महाराष्ट्राने हे आधीही करून दाखवलं आहे. ऐंशीच्या दशकात मुंबई-पुण्यात गर्द आला आणि चांगल्या घरची पोरं रस्त्यावर आली. तेव्हा डॉ. अनिल अवचट यांनी त्यावर लिहिलं. त्यांच्या पत्नी डॉ. सुनंदा मानसोपचाराच्या डॉक्टर होत्या. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी मदतीचा हात पुढे केला आणि १९८६ साली पुण्यात मुक्तांगण उभं राहिलं. तिथे व्यसनी माणसाला गुन्हेगार न मानता रुग्ण मानलं गेलं. त्याच्या बायकोलाही बोलायला जागा मिळाली. तिथल्या बायकांच्या गटाचं नावच सहचरी आहे.

आपण काय करू शकतो

गांधीजींनी १९४१ साली रचनात्मक कार्यक्रमाची पुस्तिका लिहिली, ती सेवाग्रामहून बारडोलीला जाताना रेल्वेत. त्यात दारूबरोबर अफूचाही विचार आहे. डॉक्टरांनी व्यसन सोडवण्याचे उपाय शोधावेत, थकलेल्या मजुराला बसायला, खायला, खेळायला चांगली जागा मिळावी, असं त्यांनी सुचवलं. आणि बायांवर त्यांनी खास भरवसा टाकला. का? तर प्रेमाने सेवा करून व्यसनी माणसाचं मन आपण जिंकू शकतो म्हणून. या गोष्टीला आता ऐंशीहून जास्त वर्षं झाली.

तर बचत गटाच्या पुढच्या बैठकीत अर्धा तास यासाठी काढा. आशाताईंना बोलवा. एका बाईला उताणं झोपवून मान मागे कशी करायची, कुशीवर कसं वळवायचं, हे सगळ्यांनी हाताने करून पाहा. १०८, ११२ आणि १४४४६ हे आकडे चुलीमागच्या भिंतीवर लिहा. मेडिकलमध्ये गोळी घेताना विचारा, "ही झोप आणणारी आहे का? किती दिवस घ्यायची?" चिठ्ठीशिवाय असल्या गोळ्या विकणारं दुकान गावात असेल, तर बायांनी मिळून आधी दुकानदाराशी बोला. ऐकलं नाही तर अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार द्या. ग्रामसभेत आरोग्य केंद्रातल्या उताऱ्याच्या औषधाचा प्रश्न मांडा. आणि घरात कोणी घेत असेल, तर त्याला एकच गोष्ट सांगून ठेवा, "सोडशील तेव्हा सोड, आम्ही सोबत आहोत. पण एकटा घेऊ नकोस आणि कडी लावू नकोस."

आता त्या फोनवरच्या ताईसाठी. ताई, तुम्ही ऐकत असाल. तुमच्या घरात त्या रात्री कोणीही चूक केली नाही. जे कोणी तुम्हाला सांगितलंच नव्हतं, ते तुम्हाला कसं कळणार? तुमच्या सासूबाई प्रेमानेच म्हणाल्या, झोपू दे. ज्यांना माहीत होतं आणि ज्यांनी सांगितलं नाही, त्यांचे वाटे आम्ही वर मोजले आहेत. तुमचा वाटा त्यात नाही. उलट तुम्ही फोन केला, म्हणून आज इतक्या घरांत हे पोचलं.

बाकी मैत्रिणींनो, आज रात्री कोणाच्या घरात कोणी पिऊन, गोळ्या घेऊन पडलं आणि विचित्र घोरायला लागलं, तर झोपू दे म्हणू नका. दिवा लावा. हाक मारून पाहा. उठला तर दोन शिव्या देईल, त्या खाऊन घ्या. नाही उठला, तर पुढे काय करायचं ते आता तुम्हाला माहीत आहे.